कबाड्याकडची इजेक्शन सीट: घ्यावी का, आणि तिचा इतिहास कसा शोधावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरला वाडीच्या पुढे अमरावती रोडला एका कबाड्याकडे लढाऊ विमानाची इजेक्शन सीट पडून आहे. तो सांगतो, ‘हंटरची आहे भाऊ, १९७१ च्या लढाईत पायलट यावरूनच वाचला.’ विचारणाऱ्याने काढलेल्या फोटोंत काळी धातूची चौकट दिसते, डोक्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं हँडल आहे आणि बैठकीच्या पुढच्या काठावर तसंच दुसरं. पाठीमागे उभी नळी पूर्ण आहे, बाजूच्या धातूच्या नंबरपट्टीवर अर्धा रंग चढला आहे. सीट घ्यावी का, आणि ती कुठल्या विमानातली हे कसं कळेल, असं त्यांना विचारायचं आहे.

माझी नोकरी हवाई दलाच्या शस्त्र विभागात झाली. या सीट काढायच्या, तपासायच्या, परत बसवायच्या, हेच काम. निवृत्तीनंतर नागपुरातच राहिलो आणि आता जुन्या सीट जमवतो, त्यांची कुंडली मांडतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सगळ्यात आधी एक काम करा. त्या कबाड्याला आजच फोन करून सांगा की सीटला कोणी हात लावू नका, हँडल ओढू नका, नळीवर गॅस कटर चालवू नका आणि पोरांना तिच्यावर बसून फोटो काढू देऊ नका. इतिहास वगैरे त्यानंतर.

इजेक्शन सीट खुर्चीसारखी दिसत असली तरी तिचं काम तोफेचं आहे. पाठीमागची ती नळी म्हणजे इजेक्शन गन. नळीत नळी सरकते आणि आतल्या कार्ट्रिज एकामागून एक पेटून माणसासकट सीट वर ढकलतात. मार्टिन-बेकर या ब्रिटिश सीट कंपनीच्या मार्क ३ (म्हणजे तिसऱ्या नमुन्या) पासून पुढच्या गनचा वेग सेकंदाला ८० फूट, म्हणजे ताशी जवळपास ८८ किलोमीटर. हा वेग मिळवायला सीटला जेमतेम काही फूट अंतर मिळतं. शिवाय खांद्याजवळ ड्रोग गन, म्हणजे सीट स्थिर करणारं छोटं पॅराशूट बाहेर फेकणारी गन असते, तिच्यात वेगळी कार्ट्रिज. काही मॉडेलांत पॅराशूटची दोरी कापणारा गिलोटीन असतो, त्यातही कार्ट्रिज. पुढच्या पिढीच्या सीटला बैठकीखाली रॉकेट आलं. रशियन सीटमध्ये तर मुख्य यंत्रणेशिवाय छोट्या छोट्या कार्ट्रिज इतक्या ठिकाणी असतात की ज्याने त्या सीटवर काम केलेलं नाही त्याला सगळ्या सापडणार नाहीत.

‘पिन लावलेल्या आहेत, म्हणजे सेफ आहे,’ हे वाक्य मी इतवारीच्या लोहा ओळीतही ऐकलं आहे आणि शिकलेल्या संग्राहकांकडूनही. पिनमुळे फक्त सिअर, म्हणजे कार्ट्रिज पेटवणारा खटका, ओढला जात नाही. बारूद आतच असतं. आणि पिन नीट बसली आहे हे डोळ्यांनी दिसतं तेवढं सोपं नसतं. ८ नोव्हेंबर २०११ ला ब्रिटनच्या रेड ॲरोज या हवाई कसरतींच्या पथकाचा एक वैमानिक जमिनीवर उभ्या हॉक विमानातून सीटसकट बाहेर फेकला गेला. सेफ्टी पिन लागलेली होती, पण हँडल आपल्या जागेवर नसताना लागलेली. जास्त आवळलेल्या एका नटमुळे पॅराशूटही उघडलं नाही आणि तो गेला. ते विमान रोज तपासलं जाणारं होतं, भोवती प्रशिक्षित माणसं होती. वाडीच्या शेडमध्ये यातलं काहीच नाही.

दुसरा गैरसमज मुदतीचा. कार्ट्रिजची मुदत संपली म्हणजे ती मेली असं नाही. मुदत संपली याचा अर्थ इतकाच की ती ठरल्याप्रमाणे पेटेल याची हमी आता कोणी देत नाही. या बारुदात ते टिकवून धरणारं एक द्रव्य मिसळलेलं असतं, आणि उष्णतेने ते लवकर संपतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. तिथे दहा-पंधरा उन्हाळे काढलेली कार्ट्रिज नव्या कार्ट्रिजपेक्षा बेभरवशाची असते.

मग करायचं काय? सीट निकामी केल्याचा लेखी दाखला विक्रेत्याकडे असेल तर तो मागा आणि दाखल्यावरचा सीटचा नंबर पट्टीवरच्या नंबराशी ताडून बघा. दाखला नसेल किंवा नंबर जुळत नसेल तर ती लाइव्ह आहे असंच धरा. ११२ ला फोन करा, पोलीस बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलावतील. स्फोटकांच्या परवान्यांचं काम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम यांचा अर्थ लावायला आपल्याला मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. कार्ट्रिज कशी काढतात हे मी इथे लिहिणार नाही, आणि कोणी व्हिडिओवर दाखवत असेल तर ते पाहून हात घालू नका.

एक खूण मात्र लांबूनच वाचता येते. नाटो पद्धतीचा १३ आकडी स्टॉक नंबर एखाद्या भागावर असेल तर पहिले चार आकडे बघा. १६८० असतील तर तो विमानांच्या किरकोळ साहित्याचा वर्ग, सीट आणि तिचे भाग त्यात येतात. १३७७ असतील तर तिथेच थांबा, तो वर्ग कार्ट्रिजचा आणि बारुदावर चालणाऱ्या उपकरणांचा आहे. पुढचे दोन आकडे देश सांगतात: ९९ म्हणजे ब्रिटन, ७२ म्हणजे भारत. जुन्या भागांवर हा नंबर नसतो, म्हणून १३७७ दिसला नाही म्हणजे बारूद नाही असा उलटा अर्थ काढू नका.

आता इतिहासाकडे. कबाड्याची गोष्ट तुमच्या फोटोंपुढे टिकत नाही, आणि ते कसं हे समजून घेण्यासारखं आहे.

तुमची सीट मार्टिन-बेकरच्या ज्या पिढीतली दिसते, तिच्यात इजेक्शन गनची बाहेरची नळी आणि मागचा मार्गदर्शक रूळ विमानाच्या सांगाड्याला जखडलेला असतो. सीट उडाली की आतली नळी सीटबरोबर जाते, बाहेरची नळी आणि रूळ विमानातच राहतो. तुमच्या फोटोत गन पूर्ण आहे, रूळही जागेवर आहे. म्हणजे ही सीट विमानातून रुळासकट उतरवून काढलेली आहे, उडालेली नाही. उडालेल्या सीटवर आणखीही खुणा असतात. पायांना आवळून धरणाऱ्या दोऱ्या कॉकपिटच्या तळाला रिव्हेटने बांधलेल्या असतात, तो रिव्हेट ठरलेल्या ताणाला तुटतो. डोक्यावरच्या हँडलला जोडलेला कापडी पडदा बाहेर आलेला असतो. खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यांची कुलपं सुटलेली असतात. आणि मुख्य म्हणजे वैमानिक वेगळा झाल्यावर सीट तशीच खाली पडते. काही हजार फुटांवरून शेतात आदळलेल्या सीटची बैठक सरळ राहत नाही. तुमच्या सीटची बैठक काटकोनात आहे.

शिवाय साधा विचार करा. १९७१ मध्ये जे वैमानिक सीमेपलीकडे उतरले त्यांच्या सीट तिकडेच राहिल्या. दिलीप पारुळकरांचं सुखोई-७ विमान १० डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात पडलं, ते इजेक्ट होऊन युद्धकैदी झाले आणि ऑगस्ट १९७२ मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या कैदेतून भिंत फोडून निसटले. ती सीट काही भारतात परत आली नाही. आपल्या हद्दीत पडलेली सीट चौकशीसाठी ताब्यात घेतली जाते. ‘पायलट वाचवलेली’ सीट बाजारात येणं जवळजवळ अशक्य आहे, आणि प्रत्येक विक्रेता मात्र हीच गोष्ट सांगतो.

हंटरचं काय? हवाई दलाची हंटर विमानं १९५७ पासून आली. एका आसनाच्या हंटरमध्ये मार्टिन-बेकरची मार्क २ किंवा ३ ची सीट असे, दोन आसनांच्या प्रशिक्षण हंटरमध्ये मार्क ४. तुमच्या सीटला मांड्यांच्या मधलं दुसरं हँडल आहे. हे हँडल मार्क ४ बरोबर रुळलं, कारण जोराच्या जी मध्ये, म्हणजे विमान जोरात वळताना अंगावर येणाऱ्या भारात, हात डोक्यावर नेणं वैमानिकाला जमत नाही. पण एवढ्यावरून मार्क ठरवून टाकू नका. काही जुन्या सीटना हे हँडल नंतरही बसवलं गेलं. चौकट बघा. मार्क ४ ही हलक्या विमानांसाठी नव्याने आखलेली, अंगाने बारीक सीट आहे. फोटोतल्या चौकटीवरून मला ती मार्क ४ च वाटते.

भारतात मार्क ४ च्या घराण्यातल्या सीट कुठे होत्या? उदाहरणार्थ, प्रशिक्षण हंटर, किरण आणि अजित. किरणची सीट एच४एचए, अजितची जीएफ४. किरण बंगळूरच्या एचएएलने मोठ्या संख्येने बांधलं, वर्षानुवर्षं उडवलं, म्हणून बाजारात येणाऱ्या सीटमध्ये किरणची शक्यता मी नेहमी आधी तपासतो. किरण हे प्रशिक्षण विमान, त्यात विद्यार्थी आणि शिक्षक शेजारी-शेजारी बसतात. म्हणून डावी सीट आणि उजवी सीट जोडण्यांच्या बाजूवरून ओळखता येते. ऑक्सिजनची नळी आणि पट्ट्या आवळण्याचा दांडा कोणत्या अंगाला आहे ते बघा.

इथे नॅट आणि अजितचा मुद्दा सांगायलाच हवा, कारण या जोडीत भले भले चुकतात. अजित हे नॅटचंच सुधारलेलं रूप. दोन्ही विमानं लांबून सारखी दिसतात, म्हणून विक्रेते त्यांच्या सीट एकमेकांच्या नावावर खपवतात. पण नॅटमध्ये मार्टिन-बेकरची सीट नव्हतीच. फोलंड कंपनीने स्वतःची हलकी सीट त्यात बसवली होती, कारण ते विमानच इतकं लहान होतं. अजितला मार्टिन-बेकर मिळाली. म्हणजे मार्टिन-बेकरची नंबरपट्टी असलेली सीट कोणी ‘१९७१ च्या नॅटची’ म्हणून देत असेल तर तिथेच नाही म्हणा. आणि खरी फोलंड सीट कुठे दिसली तर मला जरूर कळवा. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर एकटे लढलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों अशाच सीटवर बसले होते. त्या सीटकडे मी कधीही नुसती वस्तू म्हणून बघू शकलेलो नाही.

अशा आणखी काही गाठी लक्षात ठेवा. एका आसनाच्या व्हॅम्पायरमध्ये इजेक्शन सीट नव्हती. कॅनबेराच्या बॉम्बर-इंटरडिक्टर प्रकारात फक्त वैमानिकाला इजेक्शन सीट होती, नॅव्हिगेटरला नाही, त्याने दारातून उडी मारायची. मिग-२१ च्या सुरुवातीच्या प्रकारांत, आपल्या एफएल मध्येही, पुढे उघडणारी काचेची छत्री (कॉकपिटचं झाकण) सीटला अडकून वैमानिकाबरोबर जायची आणि वाऱ्याच्या माऱ्यापासून त्याला झाकायची. त्यामुळे त्या सीटवर छत्री पकडणारे आकडे असतात. नंतरच्या मिग-२१ मध्ये केएम-१ सीट आली, छत्री बाजूला उघडू लागली आणि हे आकडे गेले. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला. पुढच्या काही वर्षांत ‘मिगची सीट’ म्हणून बरंच काही बाजारात येईल, तेव्हा ही खूण कामाला येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही विचारलंत, ‘ही सीट कुठल्या विमानातली?’ प्रश्नच थोडा बदला. सीटला एक विमान नसतं. ठरलेल्या मुदतीने ती विमानातून उतरते, सीट बेमध्ये, म्हणजे सीट तपासायच्या खोलीत जाते, सुटी होते, तपासली जाते आणि त्या वेळी जे विमान तयार असेल त्यात चढते. विमान उड्डाणासाठी थांबलं असेल तर शेजारच्या विमानाची सीट काढून त्यात बसवली जाते. आणि सीट म्हणजे तरी काय? बैठक वेगळी, पाठीचा कणा वेगळा, इजेक्शन गन वेगळी, ड्रोग गन वेगळी, वेळ मोजणारं आणि हवेचा दाब ओळखणारं टाइम रिलीज युनिट वेगळं. प्रत्येकावर स्वतंत्र नंबर, प्रत्येकाची स्वतंत्र मुदत. पंधरा-वीस वर्षं सेवेत राहिलेल्या सीटचे सगळे भाग पहिल्या दिवशीचेच असतील ही अपेक्षा सोडून द्या. तुम्हाला एक इतिहास लिहायचा नाही, पाच-सहा लिहायचे आहेत, आणि ते कुठे एकत्र आले एवढं शोधायचं आहे.

म्हणून पट्ट्या वाचा. मार्टिन-बेकरच्या भागांचे नंबर बहुतेक ‘एमबीईयू’ या अक्षरांनी सुरू होतात. त्याच्या आसपास सीटचा प्रकार आणि अनुक्रमांक ठोकलेला असतो. दुसरी एक पट्टी अशी असते की तिच्यावर ओळीने आकडे छापलेले असतात आणि त्यातल्या काही आकड्यांवर ठोसा मारलेला असतो. ही सुधारणांची पट्टी. जी सुधारणा सीटवर झाली तिचा आकडा ठोकून खोडायचा, अशी रीत. नवखे संग्राहक ही पट्टी चकचकीत करण्याच्या नादात घासून काढतात, आणि सीट सेवेत किती काळ होती याचा सगळ्यात चांगला पुरावा जातो. ज्या सुधारणा उशिरा आल्या त्यांचे आकडे ठोकलेले असतील तर सीट तोवर सेवेत होती. एवढं सरळ गणित आहे.

तुमच्या पट्टीवर रंग चढला आहे. तो खरवडू नका. टॉर्च अगदी तिरपा, पट्टीला जवळजवळ टेकवून धरा आणि अंधारात फोटो काढा, चारही बाजूंनी. ठोकलेल्या अक्षरांची सावली रंगातूनही पडते. त्याने नाही वाचलं गेलं तर पातळ कागद ठेवून पेन्सिलने हलक्या हाताने घासा, पोरं नाण्याचा ठसा काढतात तसं. हे सगळं सीट निकामी आहे याची खात्री झाल्यावरच.

मग पाठीमागे जा. पॅराशूटच्या डब्याची आतली बाजू आणि डोक्यामागच्या गादीखालची जागा, या ठिकाणी रंगकाम करणाऱ्याचा ब्रश पोचत नाही. मागे एका किरणच्या सीटवर मला तिथे पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेला ‘यू’ आणि पुढे तीन आकडे मिळाले, त्यावर आडवी रेघ, आणि खाली वेगळ्या हाताने वेगळे तीन आकडे. हवाई दलाच्या विमानांच्या नंबरात सुरुवातीचं अक्षर प्रकार सांगतं: प्रशिक्षण विमानांना यू, मिग-२१ ला सी, हंटरला बीए, कॅनबेराला आयएफ. म्हणजे ती सीट निदान दोन विमानांत बसली होती, आणि कोणत्या क्रमाने तेही रेघेने सांगितलं. त्याच सीटच्या बैठकीवर शिशाच्या पेन्सिलने लिहिलेला तिसराच नंबर होता. बैठक तिसऱ्या सीटची निघाली. विक्रेत्याने हे सगळं पुसून ‘स्वच्छ’ करायला घेतलं होतं.

कापडाकडेही बघा. खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्या धातूपेक्षा लवकर बदलल्या जातात, त्यावर शिवलेलं लेबल बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख सांगतं. कानपूरच्या ऑर्डनन्स पॅराशूट फॅक्टरीचं लेबल मिळालं तर ती सीट भारतीय सेवेत होती याला तो चांगला आधार. परदेशातून शोभेसाठी आणलेली सीट हंटरची म्हणून खपवणारेही आता भेटतात, तिथे हे लेबल उपयोगी पडतं. मात्र लेबल पट्टीचं वय सांगतं, सीटचं नाही.

कोणत्या भागाने सीटचा काळ सांगावा हे कळायला यंत्रणेची वाढ कशी झाली ते माहीत असलं पाहिजे. जर्मनीत जानेवारी १९४२ मध्ये हाइंकेल २८० च्या चाचणीत एक वैमानिक दाबलेल्या हवेच्या सीटने बाहेर पडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये जेम्स मार्टिन यांचे भागीदार व्हॅलेंटाइन बेकर चाचणी उड्डाणात मरण पावले, आणि मार्टिन यांचं लक्ष वैमानिकाला जिवंत बाहेर कसं काढायचं याकडे वळलं. २४ जुलै १९४६ ला त्यांच्याच कारखान्यातला फिटर बर्नार्ड लिंच उडत्या मीटिऑर विमानातून सीटसकट बाहेर पडला. हे मला फार मोलाचं वाटतं: पहिली जिवंत चाचणी फिटरने दिली. ३० मे १९४९ ला या सीटने पहिल्यांदा खऱ्या अडचणीत वैमानिक वाचला. पण त्या मार्क १ मध्ये बाहेर पडल्यावर पट्ट्या सोडणं, सीट लाथाडणं, पॅराशूट उघडणं, सगळं वैमानिकाने हाताने करायचं. शुद्ध हरपली की संपलं. मार्क २ ने हे आपोआप केलं. टाइम रिलीज युनिट ठरलेला वेळ मोजतं, आणि उंची साधारण १०,००० फुटांच्या वर असेल तर त्यातली दाबाची डबी यंत्रणा अडवून धरते, म्हणजे वैमानिक विरळ, गोठलेल्या हवेत पॅराशूटला लटकत राहू नये. म्हणून सीटवर हे युनिट आहे की नाही, असेल तर कोणतं, हे मी पट्टीच्या खालोखाल बघतो. त्यातली स्प्रिंग बारुदाशिवायही बोट चेमटवू शकते, हात लांब ठेवा.

आता माणसं. या बाबतीत नागपूरसारखं गाव नाही. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथल्या वायुसेना नगरात आहे, आणि सेवा संपल्यावर इथेच घर बांधलेले किती तरी तंत्रज्ञ शहरात आहेत. कागद जिथे संपतात तिथून यांची आठवण सुरू होते. पण विचारायचं कसं यावर सगळं आहे. ‘काका, ही हंटरचीच ना?’ असं विचारलंत तर समोरचा मायेने ‘हो’ म्हणेल. फोटो पुढे ठेवा आणि गप्प बसा. ‘यातलं काय काढायला सगळ्यात त्रास व्हायचा?’ असं विचारा. ज्याने ती सीट हाताळली आहे तो थेट बोट ठेवून सांगेल की इथला बोल्ट हाताला लागत नसे, इथे बोटं सोलवटत. एका निवृत्त सार्जंट साहेबांनी मी आणलेल्या फोटोतलं पांढरं लिखाण पाहून ‘हा सात आमच्या स्टेशनच्या रंगाऱ्याचा’ असं सांगितलं होतं, सातच्या पोटातल्या आडव्या रेघेवरून. मी ते ‘शक्य’ म्हणून लिहून ठेवलं आहे, ‘सिद्ध’ म्हणून नाही. तुम्हीही नोंदीत हे दोन रकाने वेगळे ठेवा, आणि सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय कुठे देऊ नका. एखाद्या विमानाच्या अपघाताशी धागा जुळला तर वैमानिकाच्या घरच्यांना थेट फोन करू नका. ओळखीच्या जुन्या माणसाकडून विचारून घ्या, आणि नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

सेवेतला खरा कागद म्हणजे विमानाच्या एफ-७०० या देखभालीच्या नोंदवहीसोबत चालणाऱ्या नोंदी आणि सीटचं लॉग कार्ड. रशियन उपकरणांना स्वतःचं ‘पासपोर्ट’ पुस्तक असतं. हे कागद सहसा सीटबरोबर बाहेर येत नाहीत. कोणी लॉग कार्डासकट सीट विकत असेल तर मी आनंदी होण्याआधी कार्डावरचे सगळे नंबर प्रत्येक भागावर शोधतो.

मालकीच्या कागदावर मात्र अजिबात सूट देऊ नका. लष्करी भंगार लिलावातून जातं, सध्या बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून. लिलाव घेणाऱ्याकडे डिलिव्हरी ऑर्डर असते, गेट पास असतो, आणि पुढे प्रत्येक हातबदलाचं बिल असायला हवं. तुमच्या कबाड्याला विचारा, कोणत्या लॉटमधून घेतली? ‘असंच आलं’ हे उत्तर असेल तर सीट कितीही देखणी असो, घेऊ नका. चोरीचा माल विकत घेणं हाही गुन्हाच आहे, आणि सरकारी मालाच्या बाबतीत चौकशी तुमच्या घरापर्यंत येते. कागद पूर्ण असतील तर त्यांच्या प्रती सीटच्या नोंदवहीत लावा. पुढच्या मालकाला इतिहासाचा पहिला पुरावा तोच.

घेतलीत तर साफसफाई जेवढी कमी तेवढी चांगली. मऊ ब्रश, कोरडं कापड, बस. वॉशिंग पावडर नको, पॉलिश नको, आणि ‘नवीन दिसावी’ म्हणून काळा रंग तर नकोच. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर ती गंज आहे. ती हलकेच झाडून सीट कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात गच्चीवरच्या खोलीत नको. उन्हात कापडी पट्ट्या भराभर कुजतात, म्हणून खिडकीसमोर ठेवू नका. हलवायच्या आधी प्रत्येक भाग जिथे आहे तिथेच फोटोत घ्या, पट्टी आणि तिच्या शेजारी मोजपट्टी अशी. सीट जड असते आणि तिचा तोल मागे जातो, म्हणून भिंतीला नुसती टेकवून ठेवू नका, लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या. घरात लहान मुलं असतील तर निकामी केलेल्या सीटचीही हँडलं तारेने बांधून ठेवा, आणि दाखल्याची प्रत स्टँडलाच लावा, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तरी त्याला पोलिसांना फोन करावा लागणार नाही.

तुमच्या सीटपुरतं सांगायचं तर, फोटोंवरून ती मार्क ४ घराण्यातली, न उडालेली, बहुधा किरणची दिसते. दाखला आणि लिलावाचे कागद मिळाले, तर पट्टीचा तिरप्या उजेडातला फोटो, पॅराशूटच्या डब्याचं आतलं अंग आणि टाइम रिलीज युनिटवरचा नंबर एवढ्या तीन गोष्टी आधी मिळवा. डावी की उजवी हे त्याच दिवशी कळेल. विमानाचा नंबर कळायला वर्षही लागू शकतं.